पाकळी पडली नाही, तर तो उजवा कौल नव्हे

प्रति,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या देवस्थान व जत्रा समित्या, सार्वजनिक गणेशोत्सव मंडळं, महोत्सवांचे आयोजक आणि त्यांच्या मांडवात कॅमेरा लावणारे चॅनलवाले

विषय : दशावतार आणि नमन (लोकनाट्यं), जाखडी (शाहिराच्या गाण्यावरचा समूहनाच) आणि डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) यांचं चित्रीकरण व वापर. परवानगी कोणाची, कशाची आणि किती.

स.न.वि.वि.

जत्रेच्या रात्री पालखी देवळाभोवती फिरून येईपर्यंत रंगमंचासमोर दोन-तीन ट्रायपॉड उभे राहिलेले असतात. एका कॅमेऱ्याची वायर साउंडवाल्याच्या मिक्सरपर्यंत गेलेली असते. परवानगी कोणी दिली असं चॅनलवाल्याला विचारा : कमिटीनं. कमिटीला विचारा : दशावतारी मंडळाच्या मालकानं काही हरकत घेतली नाही. मालकाला विचारा : देवाच्या दारात नाही कसं म्हणायचं? तिघांच्या उत्तरांत ‘हो’ कुठेच नाही. तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पूर्वरंगातल्या गणपतीपासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत सगळं यूट्यूबवर असतं.

हे पत्र त्या कोणीच न दिलेल्या ‘हो’बद्दल आहे. भांडायला लिहिलेलं नाही. येत्या हंगामाच्या तारखा लागायच्या आत काही गोष्टी ठरवता येतील, म्हणून लिहिलं आहे.

आपल्याकडे कौलाशिवाय मोठं काम होत नाही. देवाला ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि पाकळी पडलीच नाही तर ‘देव गप्प आहे, म्हणजे हो’ असं म्हणून कोणी गावकर उठून जात नाही. थांबतात, पुन्हा गाऱ्हाणं घालतात, प्रश्न फोडून विचारतात. देवाच्या गप्प राहण्याला जो नियम, तोच देवळामागच्या खोलीत तोंडाला रंग लावत बसलेल्या माणसाच्या गप्प राहण्याला लावायला काय हरकत आहे? ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन लग्नाच्या बोलणीत फार वापरलं गेलं. तिथेही ते किती खरं होतं, हे त्या गप्प बसलेल्या मुलींना विचारायला हवं होतं.

आता एका रात्रीच्या नाटकात कोणाचं काय असतं, ते सुटं करून पाहू.

आख्यान पुराणातलं असेल तर ते कोणाच्या मालकीचं नाही. हल्ली बरीच नाटकं काल्पनिक कथेवर असतात, कथासार कोणीतरी लिहिलेलं असतं. ते त्या लेखकाचं, त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. पदाचे शब्द एकाचे आणि चाल दुसऱ्याची असू शकते, कारण १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात ‘संगीतकृती’ म्हणजे फक्त संगीत, शब्द त्यात धरलेलेच नाहीत. राहिले संवाद. ते दशावतारात लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतो. नाट्यकृती म्हणून संरक्षण मिळायला ती लेखी किंवा अन्य प्रकारे नोंदलेली असावी लागते. त्यामुळे ‘संहिताच नाही, मग हक्क कसला?’ हा सवाल चॅनलवाले हमखास टाकतात आणि समोरचा गप्प होतो.

गप्प व्हायचं कारण नाही. लेखकाचा हक्क डळमळीत असला तरी प्रयोग करणाऱ्याचा हक्क वेगळा आहे आणि तो पक्का आहे. कलम ३८ आणि २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ३८-अ वाचा. आपल्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करणं, त्याच्या प्रती काढणं, ते लोकांपर्यंत पोचवणं, विकणं हा हक्क प्रयोग करणाऱ्याचा. मुदत ५० वर्षं, प्रयोगाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायची. ‘प्रयोग करणारा’ कोण, याच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, व्याख्याता आणि चक्क गारुडीही नावानिशी आहे. दशावतारातल्या संकासुराचं नाव तेवढं राहून गेलं. पण ‘प्रयोग करणारी अन्य कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत तोही आला, पायपेटीवाला आला, मृदंगवाला आला आणि झांज धरणाराही आला.

मग समितीचं काय? मांडव तुमचा, वीज तुमची, मानधन तुम्ही दिलंत. पण मानधन त्या रात्रीच्या प्रयोगाचं असतं. पैसे देणाऱ्याला आपोआप पहिली मालकी मिळते ती मोजक्या गोष्टींत : पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, चित्र, कोरीवकाम, चित्रफीत, तीही उलटा करार नसेल तरच (कलम १७). गाणं, नाटक, नाच त्या यादीत नाहीत. शाहिराला चार पैसे देऊन ग्रामदेवतेवर गाणं करून घेतलंत, तर ते तुमच्या कार्यक्रमात वाजवायची मुभा मिळाली. ते गाणं तुमचं झालं नाही. समितीनं व्हिडिओवाल्याला पैसे देऊन जत्रेचं शूटिंग करून घेतलं तर चित्रफीत समितीची, हे खरं. पण त्यातल्या नटांचे हक्क नटांकडेच राहतात. टोपली तुमची आहे, आतली मासळी कोळणीचीच.

म्हणजे समितीकडे द्यायला काय आहे? जागा आणि वेळ. ‘आमच्या आवारात ट्रायपॉड लावायला आमची हरकत नाही’ एवढंच तुम्ही म्हणू शकता. पालखी उचलायचा मान कोणाचा हे ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या पाठ असतं, तिथे हा फरक समजायला अवघड जाऊ नये.

न बोलता दिलेली संमती नसतेच, असं आमचं म्हणणं नाही. स्मरणिकेसाठी कविता मागवलीत आणि कोणी पाठवली, तर त्या स्मरणिकेत छापायला वेगळा कागद कोणी मागणार नाही. वर्तमानपत्राला लिहिलेलं पत्र छापण्यासाठीच लिहिलेलं असतं. यूट्यूबवर स्वतः टाकलेल्या गाण्याची लिंक पाठवली तर शाहीर खूशच होईल. जत्रेत पुढे बसलेल्यानं स्वतःपुरता मोबाईलवर तुकडा घेतला, तर कलम ३९ मध्ये तशी स्पष्ट सूट आहे; बातमीसाठी किंवा परीक्षणासाठी घेतलेला छोटा उतारा, शिकवण्यासाठी किंवा अभ्यासासाठी केलेलं मुद्रण यांनाही आहे.

घोळ होतो तो पुढे. न बोललेली संमती ज्या कामासाठी गृहीत धरली, त्या कामापुरतीच असते. स्मरणिकेतली कविता पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेवर छापली, की ती संमती संपली. शाहिरानं व्हॉट्सअॅप गटात टाकलेलं नवं गाणं गटातल्यांनी ऐकायचं. त्यावर दुसऱ्या गावच्या मुलांनी नाच बसवून स्पर्धेत बक्षीस घेणं त्यात येत नाही. लिंक देणं वेगळं. तोच व्हिडिओ उतरवून घेऊन आपल्या चॅनलवर चढवणं वेगळं, आणि यूट्यूबच्या अटींतही ते बसत नाही. प्रेक्षकाचा मोबाईल आणि मिक्सरमधून लाइन घेतलेला तीन कॅमेऱ्यांचा सेट यांना एकच सूट लागू होत नाही, कारण पहिला स्वतःसाठी बघतो आणि दुसरा जाहिरातीचे पैसे घेतो. ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ असा नियम भारतीय कायद्यात कुठेही नाही. व्हिडिओखाली ‘सर्व हक्क मूळ मालकाचे’ असं लिहिल्यानंही काही सुटत नाही; उलट हक्क दुसऱ्याचा आहे हे आपल्याला ठाऊक होतं, याची ती कबुलीच ठरते.

आणि परवाना लेखीच लागतो. कलम ३० तसं सांगतं, आणि कलम ३९-अ ते प्रयोग करणाऱ्यांच्या हक्कांनाही लावतं. कागदावर मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ही दुसरी गोष्ट चॅनलवाल्यांनी नीट वाचावी. तुमचे बरेच बघे आखातात आहेत, आणि प्रदेशाचा उल्लेख नसलेली परवानगी तिथवर पोचत नाही.

एवढं का ताणायचं, असं कोणी विचारेल. गाव बघतं, मुंबईतला चाकरमानी बघतो, कलेचा प्रसार होतो. प्रसार होतो हे खरंच. नुकसान कुठे होतं ते मात्र धंदा ठाऊक असल्याशिवाय दिसत नाही. दशावतारी मंडळाचा हंगाम कार्तिकात उघडतो आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत चालतो. त्यात एकच नाटक वेगवेगळ्या गावांत अनेकदा लागतं. कार्तिकात अख्खं नाटक ऑनलाइन गेलं की पौषातल्या गावाला विनोद आधीच माहीत, ट्रिकसीन आधीच माहीत. मग सुपारी देताना (प्रयोग ठरवताना) ‘दुसरं कायतरी नवीन करा’ असं सांगितलं जातं. शक्ती-तुऱ्यात, म्हणजे जाखडीच्या दोन पक्षांच्या सामन्यात, तर सवाल आणि त्याचं उत्तर हाच खेळ. उत्तर कोणी तरी अपलोड केलं की पुढच्या बारीत त्या सवालाला धार उरत नाही. डबलबारीत बुवांनी राखून ठेवलेला गजर असाच खर्ची पडतो.

याला सोपा उपाय आहे आणि त्यानं कोणाचंच पोट मारलं जात नाही : शूटिंग हंगामात करा, प्रसिद्ध मिरगानंतर करा. तेव्हा जत्रा संपलेल्या असतात, मंडळं घरी असतात, बाहेर पाऊस असतो आणि लोकांना बघायला वेळ असतो.

जाखडीचं दुखणं आणखी निराळं आहे. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात शाहीर स्वतःचं, गुरूचं, कधी गावाचं नाव गुंफतो. ती त्याची नाममुद्रा. रील करणारा पहिली पंधरा-वीस सेकंदं घेतो, कारण ठेका तिथे पकडतो. नाममुद्रेचं कडवं कधीच रीलमध्ये येत नाही. हेतू वाईट नसेलही. पण ‘तुका म्हणे’ कापून अभंग फिरू लागला, तर दोन पिढ्यांनी तो कोणाचा हे कोण सांगणार? कायद्यात यासाठी लेखकाला कलम ५७ आणि प्रयोग करणाऱ्याला कलम ३८-ब आहे : नाव लावलं जाण्याचा आणि कृतीची मोडतोड थांबवण्याचा हक्क. कृती विकली तरी लेखकाचा हा हक्क जात नाही. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारनं काढून गोदामात टाकलं. ते सरकारच्याच मालकीचं होतं, तरी दिल्ली उच्च न्यायालयानं २००५ साली उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. त्यामुळे रील करायचंच असेल तर शाहिराचं नाव पडद्यावर, अक्षरात, पहिल्या तीन सेकंदांत. खालच्या वर्णनात लिहिलेलं नाव रील पुढे पाठवताना गळून पडतं.

इथे आमच्या, म्हणजे कलाकारांच्या, बाजूचाही एक काटा काढून टाकतो. भजनात आणि जाखडीत सिनेमाच्या चाली सर्रास घेतल्या जातात. शब्द शाहिराचे असतात, चाल नसते. मांडवात गायलं तोवर कोणी विचारत नाही. पण तेच यूट्यूबवर गेलं की कंटेंट आयडी नावाची यंत्रणा चाल ओळखते आणि उत्पन्न चालीच्या मालकाकडे वळू शकतं. तेव्हा ‘आमच्या गाण्यावर क्लेम आला’ अशी ओरड करण्यात अर्थ नाही. चाल त्यांचीच आहे. दुसऱ्याकडून परवानगीची अपेक्षा धरायची तर आपल्या वहीतल्या उसन्या चालींवरही खूण करून ठेवायला हवी. वहीत प्रत्येक गाण्यापुढे दोन रकाने करा : शब्द कोणाचे, चाल कोणाची. दुसरा रकाना भरता येत नसेल, तर ते गाणं ऑनलाइन टाकायला देऊ नका.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त चीड आणणारं आहे. चॅनलवाला शाहिराचं गाणं अपलोड करतो, पुढे एखाद्या वितरकामार्फत ते ध्वनिमुद्रण स्वतःच्या नावावर नोंदवतो, आणि मग शाहिरानं स्वतःच्या चॅनलवर तोच कार्यक्रम टाकला तर क्लेम शाहिरावर येतो. सोडवायला महिने जातात.

‘पारंपरिक’ या शब्दाचं काय करायचं? ओव्या, फुगडीची गाणी, जुनी नमनं यांत पुष्कळ काही खरंच कोणा एकाचं नाही, आणि ते सगळ्यांनी खुशाल वापरावं. पण श्रेयाच्या जागी ‘पारंपरिक’ लिहिणं हा अनेकदा शोध न घेण्याचा सोयीस्कर मार्ग असतो. गाणारा म्हातारा शेजारच्या वाडीत जिवंत असतो. लिहिण्याआधी इतकं करा. शेवटचं कडवं मिळवा आणि त्यात नाव आहे का पाहा. ज्या मंडळाकडून गाणं ऐकलं, त्यांना ते कुठून आलं विचारा आणि एक पायरी मागे जा; साधारण दोन-तीन पायऱ्यांत वही सापडते किंवा माग संपतो. गाण्यात बस, गिरणी, मोबाईल असं काही आलं असेल तर ते ‘परंपरेनं’ आलेलं नाही, कोणीतरी बसून रचलेलं आहे. माग संपला तर ‘पारंपरिक; अमुक गावच्या अमुक मंडळाकडून ऐकलेलं’ असं लिहा. गाणं जुनं असलं तरी त्याचं ध्वनिमुद्रण नवं असू शकतं, आणि मुद्रणावर प्रसिद्धीपासून ६० वर्षं हक्क असतो. आजीची ओवी सर्वांची, पण कोणी तरी घरोघर फिरून मुद्रित केलेली फीत सर्वांची नाही.

आता कागद. वकिलाची गरज नाही, एक पान पुरतं. असा मसुदा चालेल :

‘आमचं मंडळ अमुक वाहिनीला, अमुक तारखेच्या अमुक देवस्थानच्या जत्रेतल्या अमुक नाटकाचं संपूर्ण चित्रीकरण करण्यास आणि ते फक्त त्यांच्या यूट्यूब वाहिनीवर, १५ जूननंतर, प्रसिद्ध करण्यास परवानगी देत आहे. मुदत २ वर्षं. प्रदेश : जगभर. मोबदला एकरकमी रुपये इतके, किंवा उत्पन्नाचे इतके टक्के, दर तीन महिन्यांनी, उत्पन्नाच्या पानाच्या स्क्रीनशॉटसह. शीर्षकात मंडळाचं नाव. वर्णनाच्या पहिल्या ओळीपासून नट व वादकांची नावं. रील ६० सेकंदांपर्यंत, मूळ आवाजासह, नाव पडद्यावर. हे चित्रीकरण दुसऱ्या वाहिनीला, संगीत कंपनीला किंवा आवाज-चेहऱ्याची नक्कल शिकणाऱ्या कोणत्याही प्रणालीला देता येणार नाही. कंटेंट आयडीत नोंदवता येणार नाही. मुदत संपल्यावर ७ दिवसांत काढून टाकायचं.’

आकडे तुमचे तुम्ही ठरवा. मात्र टक्केवारी लिहून स्क्रीनशॉटचं कलम गाळलंत तर टक्केवारीला अर्थ उरत नाही, कारण चॅनलनं किती कमावलं ते मंडळाला कधीच दिसत नाही. नावं वर्णनाच्या पहिल्या ओळीपासूनच हवीत. मोबाईलवर त्याखालचं सगळं दडलेलं राहतं. नक्कल शिकणाऱ्या प्रणालीचं कलम काहींना फाजील वाटेल. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयानं गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशानं रोखलं. दशावतारातला राजा कोर्टापर्यंत जाणार नाही, म्हणून त्याला कागदच बरा.

सह्यांत सर्वांत जास्त चुका होतात. मालकाची सही मालकापुरती असते. नट रात्रीच्या नाइटवर येतात, त्यांनी आपला हक्क मालकाला लेखी दिलेला नसतो. संयुक्त नाटकात तर दोन-तीन मंडळांचे नट एकत्र असतात. एकाच मालकाची सही घेऊन तिघांचं नाटक टाकलं जातं. डबलबारीत एका बुवांचा होकार दुसऱ्या बुवांना लागू होत नाही आणि पखवाजवाल्याला तर नाहीच. उपाय असा की मंडळानं हंगामाच्या आरंभी एकदाच एक वही करावी. प्रत्येक कलाकाराचं नाव आणि पुढे तीन रकाने : रंगमंचावरचं चित्रीकरण, रील, रंग लावतानाचं चित्रीकरण. प्रत्येकात ‘हो’ किंवा ‘नाही’ कलाकारानं स्वतःच्या अक्षरात लिहावं. तिसरा रकाना मुद्दाम वेगळा ठेवला आहे. स्त्रीपार्टी (स्त्रीची भूमिका करणारा) नट साडी नेसतानाचे, टोप लावतानाचे व्हिडिओ फार बघितले जातात आणि त्याखालच्या कमेंट त्याची मुलंही वाचतात. रंगमंचावर उभं राहायला दिलेला होकार देवळामागच्या खोलीत शिरत नाही. जाखडीत नाचणारी पोरं अठराच्या आतली असतील तर सही पालकाची.

विचारायची वेळही महत्त्वाची. रंग लावत असताना, जेवणाच्या पंगतीत किंवा पालखी परत आल्यावर विचारलेल्या प्रश्नाला ‘चालेल’ हेच उत्तर येतं. समोर समिती उभी असते आणि पुढच्या वर्षीची सुपारी तिच्या हातात असते. हा होकार नाही, भीड आहे. तारीख घेताना, सुपारी देताना विचारा, आणि ‘नाही’ म्हटलं तरी तारीख जाणार नाही हे त्याच बैठकीत सांगा. ‘शूटिंग केलेलं चालेल ना?’ असंही विचारू नका. त्या ‘ना’मध्येच उत्तर भरलेलं असतं, आणि शूटिंगला हो म्हणणारा अपलोडला हो म्हणालेला नसतो.

साउंडवाल्याला समितीनं एक वाक्य सांगावं : मंडळाची चिठ्ठी दाखवल्याशिवाय मिक्सरमधून लाइन कोणाला द्यायची नाही. ही एक गोष्ट केलीत तरी निम्मं काम होतं. लाइनशिवाय घेतलेल्या आवाजात गर्दी, जनरेटर आणि भजीवाल्याची आरोळी येते. असं चित्रीकरण कोणी तीन तास बघत नाही. दुर्दैवानं आज ती लाइन देणं हा साउंडवाल्याचा शिष्टाचार समजला जातो.

काही सवलती तुमच्या बाजूच्याही आहेत, त्या वापरा. खऱ्या धार्मिक विधीत गाणी म्हणणं, वाजवणं याला कलम ५२ मध्ये सूट आहे. आरतीसाठी कोणाची परवानगी लागत नाही. पाचव्या रात्रीचा ऑर्केस्ट्रा मात्र विधी नव्हे. हौशी मंडळानं बिनतिकीट प्रेक्षकांसाठी किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या नाट्यप्रयोगालाही सूट आहे. म्हणजे शिमग्यातलं गावचं नाटक, छापील संहिता जशीच्या तशी ठेवून, फुकट दाखवलं तर कायदा आड येत नाही. पण ही सूट फक्त प्रयोगाची. त्याच नाटकाचं मालवणी रूपांतर केलंत, शेवट बदललात, प्रयोग ऑनलाइन टाकलात, की लेखकाची परवानगी हवी. गावोगाव नेमकं इथेच घसरतात, कारण पहिला प्रयोग सुरळीत पार पडलेला असतो.

आधीच अपलोड झालेल्यांचं काय? सगळं काढा, असं आम्ही म्हणत नाही. चॅनलवाल्यांनी आपली यादी काढावी, मंडळाला फोन करावा आणि मागची तारीख न घालता आजच्या तारखेचा कागद करावा. मंडळांनीही पहिल्या फटक्यात तक्रार ठोकू नये. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन स्ट्राइक (हक्कभंगाच्या तक्रारीवरून लागणारे ठपके) आले की चॅनल बंद होऊ शकतं, आणि त्याबरोबर जे नीट परवानगीनं टाकलेलं आहे तेही जातं. आधी निरोप द्या, आठ दिवस थांबा. मग तक्रार करायचीच झाली तर व्हिडिओची लिंक, आपला भाग कुठल्या मिनिटापासून कुठपर्यंत आहे ते, वहीच्या पानाचा फोटो आणि प्रयोगाची तारीख हाताशी ठेवा. व्हिडिओ जिथे साठवलेला आहे त्या सेवेला लेखी तक्रार दिली, की भारतीय नियमांनुसार ३६ तासांत ती सामग्री रोखणं अपेक्षित आहे. ती रोख २१ दिवसांची असते, तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती पुन्हा दिसू शकते. नवं गाणं रचणाऱ्या शाहिराला नोंदणी सक्तीची नाही, हक्क रचल्या क्षणापासूनच असतो. पण वाद होणार असं दिसत असेल तर साहित्यकृतीच्या नोंदणीचं शुल्क ५०० रुपये आहे, तेवढं खर्च करायला हरकत नाही.

समित्यांना शेवटची विनंती : जत्रेच्या नियोजनाच्या बैठकीत मंडप, वीज, पार्किंग यांच्याबरोबर ‘चित्रीकरण’ हा एक विषय घ्या, आणि चिठ्ठी नसलेल्या कॅमेऱ्याला कुठे उभं करायचं ते त्याच बैठकीत ठरवा. आम्ही सुचवू : प्रेक्षकांत, सतरंजीवर.

कळावे.

आपले,
दशावतार, नमन आणि जाखडी मंडळांचे करार-कागद बघणारे काही जण
रत्नागिरी–सिंधुदुर्ग

ता.क. बॅनरबद्दल राहिलं. जत्रेच्या फ्लेक्ससाठी गूगलवरून उचललेला नटाचा फोटो कोणा फोटोग्राफरचा असतो. मंडळाकडून फोटो मागून घ्या, पण मंडळालाही तो कोणी काढला हे विचारा. आणि पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवून कथा सांगायच्या लोककलेतलं चित्र) होमस्टेच्या भिंतीवर किंवा कपांवर छापण्याआधी एवढं लक्षात ठेवा : शैली कोणाची मालमत्ता नाही, त्या शैलीत नवं चित्र कोणीही काढावं; पण चित्रकाराकडून विकत घेतलेल्या एका चित्राबरोबर त्याचे पाचशे कप छापायचा हक्क घरी येत नाही. तो वेगळा मागावा लागतो, आणि बहुतेक चित्रकार माफक पैशांत देतात.